आगगाडीच्या खिडकीचा पडदा

मागच्या उन्हाळ्यात आम्ही शिकागोजवळ माझ्या नणंदेकडे गेलो होतो. मोठमोठी दुकानं आणि उंच इमारती पाहून झाल्यावर भावोजी म्हणाले, "आज तुम्हाला जुन्या आगगाड्या दाखवतो." मनात म्हटलं, सातासमुद्रापलीकडे आले ती काय भंगार बघायला? पण निघालो.

युनियन हे चिमुकलं गाव. आजूबाजूला मक्याची शेतं, आणि तिथेच इलिनॉय रेल्वे म्युझियम. १९५३ साली दहा हौशी माणसांनी प्रत्येकी शंभर डॉलर काढून विजेवर चालणारा एक जुना डबा विकत घेतला, तिथून याची सुरुवात. १९६४ पासून ते इथे आहे. डबे दुरुस्त करायला येणारी बरीचशी माणसं बिनपगारी, केवळ हौसेची.

जुन्या डब्यात बसलो. आपल्या गाडीची खिडकी म्हणजे बोट चेमटवणारी पट्ट्यांची झडप! इथे मात्र गुंडाळीचा कापडी पडदा. वरच्या पोकळ रुळात स्प्रिंग असते. पडदा खाली ओढला की ती पिळली जाते आणि सोडला की तीच त्याला वर घेते. असा रूळ हार्टशॉर्न नावाच्या माणसाने १८६४ साली पेटंट केला. गाडीच्या हादऱ्यांनी पडदा आपोआप वर जाऊ नये म्हणून खालच्या पट्टीची टोकं दोन्ही बाजूंच्या खाचांत घट्ट बसतात.

समोरच्या बाकावर एक आजोबा पिशवीतून कापडाचे तुकडे काढून पडद्याशी ताडून बघत होते. दुसऱ्या गावी ते मित्रांबरोबर एक जुना डबा नीट करताहेत म्हणे. पूर्वी अशा पडद्यांना 'पँटासोट' नावाचं लेप दिलेलं कापड वापरत. न्यू जर्सीतल्या पसैक गावी त्याचा कारखाना होता. आता ते मिळत नाही. नवं कापड जाड असलं तर गुंडाळी फुगते आणि वरच्या अरुंद खोबणीत मावत नाही. पातळ असलं तर ऊन आरपार येतं. शिवाय माणसं बसणार, म्हणून ते चटकन पेट घेणारं नको. वर्षभर शोधून त्यांना एक कापड मिळालं होतं. महाग, आणि जेमतेम पुरेल एवढंच. पण नमुन्याचा पहिला पडदा तिरका चढत होता!

"वहिनी काय करतात?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा भावोजी सहज म्हणाले, "काही नाही, घरीच असतात. थोडंसं शिकवतात." मला ते 'काही नाही' लागलं. पण हात मात्र कापडाकडे गेला. उलट्या बाजूने उजेडात धरलं, तर उभा धागा कडेला सरळ नव्हताच! परकर शिवताना नाही का, आडव्या-उभ्या धाग्याकडे लक्ष दिलं नाही तर घेर एका बाजूला लोंबतो? तेच झालं होतं. दुकानातून कापून आलेली कड सरळ समजून त्यांनी माप घेतलं होतं.

वन्संना इंग्रजीत सांगायला लावलं : आधी लेप नसलेल्या बाजूने धागा बघा, त्याला गुण्या लावून रेघ मारा, मग रुळावरही तशीच रेघ आखून कापड बरोबर तिच्यावर ठोका. आधी जुन्या चादरीवर करून बघा, चांगल्या कापडाला कात्री शेवटी!

आजोबांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. परत येताना भावोजी गप्प होते. आम्ही घरी आल्यावर दोन आठवड्यांनी वन्संचा फोन आला. "पडदा सरळ चढला गं! आजोबांनी फोटो पाठवलाय."

मैत्रिणींनो, घरच्या खिडकीला असा पडदा लावणार असाल तर हीच युक्ती करा. आणि 'तुम्ही काय करता?' असं कुणी विचारलं तर 'काही नाही' म्हणू नका, दुसऱ्याला म्हणूही देऊ नका.