धामकाठचे बायकांचे घर

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले, की आठ-दहा किलोमीटरवर पवनार येते आणि धाम नदी लागते. पात्रात काळे खडक आहेत. पाऊसकाळ सोडला तर पाणी बेताचेच. सुटीच्या दिवशी वर्धेकर मंडळी इथे डबे घेऊन येतात, पोरेटोरे खडकांवरून उड्या मारतात. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींपैकी काही याच पाण्यात विसर्जित झाल्या. काठावरच्या टेकाडावर, झाडीत, एक आश्रम आहे. ‘विनोबांचा आश्रम’ म्हणून तो सर्वांना ठाऊक. शाळांच्या सहली येतात, विनोबांची खोली बघतात, नमस्कार करतात आणि सेवाग्रामला निघून जातात. हा आश्रम साठाहून अधिक वर्षे बायकांनी चालवला आहे, हे त्यांतल्या पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

त्याचे नाव ब्रह्मविद्या मंदिर. स्थापना २५ मार्च १९५९ ची. हा दिवस विनोबांनी उगाच निवडला नव्हता. १९१६ साली याच तारखेला इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून मुंबईला निघालेला विनायक नरहर भावे नावाचा मुलगा वाटेत सुरतेला उतरला आणि परस्पर काशीला गेला. घर सुटले ते कायमचे. मुलाने असे केले की लोक आधी हळहळतात आणि पुढे त्याला महाराज म्हणून पाया पडतात. पण मुलीने असे केले तर? विसाव्या-बाविसाव्या वर्षी एखादी म्हणाली, की मला लग्न करायचे नाही, नोकरीही करायची नाही, मला देवाचा शोध घ्यायचा आहे, तर तिने जायचे कुठे?

युरोपात या प्रश्नाला दीड हजार वर्षांपासून उत्तर आहे. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाच्या संताने माँटे कॅसिनोच्या डोंगरावर मठ उभारला आणि मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. ठरल्या वेळी प्रार्थना, हाताने काम आणि वाचन, अशी त्यात दिवसाची वाटणी आहे. दाराशी आलेला पाहुणा प्रत्यक्ष ख्रिस्तच समजून त्याचे स्वागत करावे, असेही सांगितले आहे. त्याची बहीण स्कोलास्टिका हीही व्रतस्थ होती. त्या नियमावर चालणारे स्त्रियांचे मठ पुढे देशोदेशी झाले. त्यांची प्रमुख त्या स्वतःच निवडतात, शेती किंवा शिवणकाम करून पोट भरतात आणि चार दिवस शांतपणे राहू इच्छिणाऱ्यांना खोली देतात. एकदा त्या घरात आलेली स्त्री सहसा शेवटपर्यंत तिथेच राहते.

आपल्याकडे गार्गी-मैत्रेयींची नावे अभिमानाने घेतली जातात; पण त्यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या बाईसाठी घर बांधलेले फारसे दिसत नाही. महावीरांनी स्त्रियांना दीक्षा दिली, आणि जैन साध्वींची परंपरा आजही अखंड आहे. बुद्धांनी मात्र आधी नकार दिला. गौतमी हटून बसली, आनंदाने रदबदली केली, तेव्हा कुठे संघाचे दार उघडले, तेही अटी घालून. महाराष्ट्रात तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पंथात महदंबेसारख्या स्त्रिया होत्या. मराठीची आद्य कवयित्री ती हीच. विसाव्या शतकात शिर्डीजवळच्या साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभे केले, आणि गोदावरीमातांच्या काळात तिथल्या कन्या यज्ञयाग आणि वेदपठण स्वतः करू लागल्या. दक्षिणेश्वरला १९५४ मध्ये श्रीसारदा मठ निघाला. म्हणजे पवनार ही काही पहिली जागा नव्हे. तिचे वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे, आणि ते समजायला आधी थोडे जमिनीखाली जावे लागते.

विनोबा पवनारला आले ते १९३८ साली, आजारी म्हणून. प्रकृती अगदी खालावली होती. गांधीजींनी हवापालट करायला सांगितले, तर हे गृहस्थ कुठे गेले म्हणाल, तर वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर, जमनालाल बजाजांच्या या टेकाडावरच्या बंगल्यात! तिथे त्यांनी औषध म्हणून कुदळ हातात घेतली. रोज थोडा थोडा वेळ खणायचे, दमले की थांबायचे. प्रकृती सुधारत गेली. आणि खणता खणता त्या जमिनीतून जुनी शिल्पे निघू लागली.

पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. ते वसवणाऱ्या दुसऱ्या प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता हिने मुलांच्या लहानपणी वाकाटकांचा राज्यकारभार स्वतः चालवला होता. बायकांच्या हाती कारभार ही गोष्ट या घराण्याला नवी नव्हती, असे म्हणायला हरकत नाही. तर त्या शिल्पांत एक राम-भरताच्या भेटीचे निघाले.

विनोबांना त्याचे विलक्षण वाटले, त्याला कारण होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्या हाती आहेत. त्यांतल्या एका प्रवचनात विनोबा भरताबद्दल बोलले होते. राम वनात गेला, त्याने तप केले, हे खरे. पण भरत राज्याच्या रगाड्यात राहूनही तसाच तपस्वी राहिला. चौदा वर्षांनी दोघे भेटले, त्या प्रसंगाचे चित्र कोणी काढावे, आणि त्यात रानातून आलेला कोण आणि राज्य सांभाळणारा कोण हे ओळखू येऊ नये, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. पुढे काही वर्षांनी नेमका तोच प्रसंग दगडात कोरलेला त्यांच्या कुदळीखाली आला. विनोबांनी तो देवाचा प्रसाद मानला. आश्रमातले भरत-राम मंदिर ते हेच.

आता या भरताला बायकांच्या घरात बसवून बघावे. आश्रमात येणारी गृहिणी आजूबाजूला काय बघते? कोणी अंगण झाडते आहे, कोणी भाजी चिरते आहे, कोणी धान्य निवडते आहे, एकजण शेतात वाकली आहे, दुसरी सूत कातते आहे. नोकर कोणी नाही. क्षणभर तिला वाटून जाते, की हे सगळे तर मी घरीही करतेच, त्यासाठी एवढ्या लांब यायला कशाला हवे? मग हळूहळू फरक दिसतो. इथे स्वयंपाक हा कोणा एकीच्या कपाळी लिहिलेला नाही. पाळी येते आणि बदलते. जी आज संडास साफ करते ती उद्या ग्रंथाचे संपादन करते, आणि दोन्ही कामांची किंमत सारखी धरलेली असते. घरात जे काम कोणाच्या मोजणीत येत नाही, तेच इथे साधना म्हणून मोजले जाते. रामाचे तप सर्वांना दिसते. भरताचे दाखवायला कोणीतरी शिल्प कोरावे लागते.

दिवसाला प्रार्थनेचे तीन खुंट आहेत. पहाटे ईशावास्य उपनिषद, मध्यान्हाच्या आधी विष्णुसहस्रनाम आणि संध्याकाळी गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे. यांच्यामध्ये श्रम, अध्ययन आणि मौन. बेनेडिक्टच्या मठातली एखादी जोगीण इथे आली, तर भाषा सोडून तिला काहीच परके वाटणार नाही. भगवी वस्त्रे नाहीत, खादीच्या साध्या साड्या. भगिनी वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या. पुष्कळ जणी भूदानाच्या पदयात्रेत विनोबांबरोबर चालल्या होत्या. आईवडिलांच्या घरी तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना कुठल्याही आईला करता येईल. पदयात्रेला चार दिवस जाऊ दिलेली मुलगी जन्माची गेली, हे पचवायला त्या घरांना वेळ लागलाच असणार. साधनेच्या गोष्टी सांगताना या माउल्यांचा उल्लेख सहसा राहून जातो.

आणि ज्यांच्या शब्दावर त्या आल्या ते विनोबा कुठे होते? ते तर रस्त्यावर होते. १९५१ पासून त्यांचे पाऊल थांबले नव्हते. ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली तेव्हाही पदयात्रा चालूच होती, आणि पवनारला ते परतले १९६४ साली. म्हणजे सुरुवातीची पाच वर्षे या बायकांनी गुरू जवळ नसताना काढली. सामूहिक साधना हा विनोबांचा आग्रह होता. एकटीने मुक्त व्हायचे नाही, सगळ्यांनी मिळून पुढे जायचे. म्हणून आश्रमात प्रमुख नाही, अध्यक्षा नाही. निर्णय सर्वसंमतीने. एकीचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा. ज्यांनी एकत्र कुटुंब पाहिले आहे त्यांना हे किती अवघड ते सांगायला नको. चार जावांचे दिवाळीच्या फराळावर एकमत होत नाही, तिथे प्रांतोप्रांतीच्या इतक्या जणींनी वर्षानुवर्षे एकमताने घर चालवायचे! यात रुसवेफुगवे झालेच नसतील असे मानणे भाबडेपणाचे. पण घर मोडले नाही, हे महत्त्वाचे.

आश्रमातून ‘मैत्री’ नावाचे हिंदी मासिक निघे, छपाईचे काम भगिनी आश्रमातच करीत. वाचकांना वाटेल, देवाधर्माचे निरुपद्रवी मासिक. पण १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, गोहत्याबंदीसाठी उपवास करण्याचा विनोबांचा इरादा त्यात छापला गेला, आणि पोलिसांनी आश्रमात येऊन अंक जप्त केले. आणीबाणीबाबत विनोबांनी घेतलेल्या भूमिकेवर त्या वेळी खूप टीका झाली, आणि ती सगळीच अनाठायी होती असे म्हणता येत नाही. त्याच आश्रमाच्या अंगणातून सरकारने मासिकाचे गठ्ठे उचलून न्यावेत, हा काळाचा विनोदच. याच भगिनींपैकी कालिंदीताईंनी विनोबांच्या बोलण्यालिहिण्यातून त्यांची जीवनकथा जुळवली. ‘अहिंसा की तलाश’ हे ते पुस्तक. मार्जोरी साइक्स यांनी ते इंग्रजीत नेले.

१९७० मध्ये विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कुठे जायचे नाही असे ठरवले. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी औषध, अन्न आणि पाणी घेणे थांबवले. ज्यांनी त्यांना वाढले, त्यांचे पथ्यपाणी सांभाळले, त्या भगिनींना वाटी मागे घ्यावी लागली. डॉक्टर, पुढारी, वार्ताहर सगळे येऊन गेले. इंदिरा गांधीही येऊन गेल्या. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, विनोबा गेले.

आता हे संपेल, असे पुष्कळांना वाटले असणार. एका महापुरुषाभोवती जमलेली माणसे तो गेला की पांगतात किंवा गादीवरून भांडतात, असा आपला अनुभव. पवनारला गादीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ईशावास्य, मग झाडू, मग शेत, असे चालू राहिले. विनोबांची पुण्यतिथी येते त्या दिवसांत तिथे ‘मित्रमिलन’ भरते. जुने भूदान कार्यकर्ते, त्यांची मुले, नातवंडे जमतात. कोणी जबलपूरहून, कोणी आसामातून, कोणी गुजरातेतून.

खरी अडचण निराळीच आहे. पुष्कळ भगिनी आता राहिल्या नाहीत, ज्या आहेत त्यांतल्या अनेकींचे वय झाले आहे. आजन्म ब्रह्मचर्य आणि आजन्म कष्ट, असे दोन्ही पत्करून नव्या मुली फारशा येत नाहीत. युरोपातल्या मठांतही हीच रड आहे, तिथे काही जुनी घरे मिटलीही. आजच्या मुलीला लग्नाला नाही म्हणायचे असेल, तर आश्रमाची गरज पडत नाही. ती शिकते, कमावते, एकटी राहते. १९५९ साली तसे नव्हते. हे चांगलेच झाले, यात शंका नाही. मात्र त्यामुळे बारा जणींनी मिळून एका चुलीवर, कोणाचीही सून न होता आणि कोणाचीही मालकीण न होता जगण्याची रीत मागे पडते आहे.

चार दिवस राहायला येणाऱ्यांसाठी मात्र आश्रमाचे दार उघडे असते. आधी विचारून यावे, एवढेच. प्रवचनांची रेलचेल नाही, ध्यानाचे वर्ग नाहीत. आश्रमाची जी दिनचर्या तीच पाहुण्यांची. नव्याने आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काही सुचत नाही. घरी फोन करावासा वाटतो, गॅस बंद केला होता ना अशी रुखरुख लागते. मग कोणीतरी पंच्याहत्तरीची भगिनी तिच्यासमोर भाजीची परडी ठेवते आणि आपणही विळी घेऊन शेजारी बसते. दोघी चिरू लागतात. विष्णुसहस्रनामाची वेळ झाली की परडी तशीच बाजूला ठेवून दोघी हात धुतात आणि उठतात.