पोटखराब्यातली पायवाट

आपल्याकडे ट्रेक म्हटला की चढ आलाच. पायथ्याच्या गावातला पहाटेचा चहा, मग दमछाक, मग पडका दरवाजा, पाण्याची टाकी आणि माथ्यावर बसून खाल्लेली भाकरी-चटणी. दक्षिण फिनलंडमध्ये नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या उन्हाळ्यात हेच शोधतो आणि हिरमुसतो. इथे डोंगरच नाहीत. हिमयुगातल्या बर्फाने सगळा मुलूख घासून पुसून ठेवला आहे. उरले आहेत ते बसके खडक, स्प्रूस आणि पाइनची रानं, असंख्य तळी आणि फिनिश लोक जिला ‘सुओ’ म्हणतात ती दलदल.

‘दलदल’ या शब्दाने आपलं मन आधीच कलुषित होतं. चिखल, डास, रुतलेली म्हैस, असंच काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण सुओ म्हणजे चिखल नव्हे. थंडी आणि साचलेलं पाणी यामुळे इथे मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही. त्यावर नवं शेवाळ वाढतं, तेही अर्धवट कुजून दबतं. असे थरावर थर साचून जे तयार होतं ते पीट. वर्षाला ढोबळमानाने एक मिलिमीटर. तामेला गावाजवळच्या तोर्रोनसुओ राष्ट्रीय उद्यानात हा थर काही ठिकाणी १२ मीटर खोल आहे. म्हणजे तीन-चार मजली इमारतीएवढ्या उंचीच्या शेवाळावरून आपण चालतो, आणि त्यातला तळाचा थर बर्फ मागे हटल्यानंतरच्या काळातला, हजारो वर्षांपूर्वीचा.

हेलसिंकी-एस्पोहून गाडीने तोर्रोनसुओ साधारण दीड तासावर आहे. उद्यान १९९० सालचं. किल्यामो इथे गाडी लावली की थोडं रान लागतं आणि मग एकदम आभाळ उघडतं. समोर क्षितिजापर्यंत तांबूस-हिरवा सपाट पसारा, मध्येमध्ये खुरटलेले पाइन. कमरेएवढं झाडसुद्धा वयाने आपल्या आजोबांएवढं असू शकतं. खायलाच मिळत नाही तर वाढणार कसं? या पसाऱ्यावरून जाते ती लाकडी फळ्यांची वाट, फिनिशमध्ये ‘पित्कोसपूत’. दोन फळ्या शेजारी शेजारी, खाली आडवे ओंडके. वाट सपाट, चढ नाही, धाप नाही. मनोऱ्यावर चढायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

गेल्या जूनमध्ये अण्णा, माझे वडील, तीन महिन्यांसाठी आले. वय चौऱ्याहत्तर. जावळी तालुक्यातलं गाव आणि सगळी नोकरी तलाठ्याची. ऐन उमेदीत वासोट्याला रान तुडवत जाणारा माणूस, पण आता गुडघ्यांनी गड सोडायला लावले आहेत. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. फ्लॅटमध्ये ते खिडकीशी बसून राहत. रात्री अकरालाही उजेड, त्यामुळे झोपेचा पत्ता नाही. ‘मी इथे काय करू?’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत, पण परतीचं तिकीट कधीचं आहे हे आठवड्यात दोनदा विचारलं. मला काळजी वेगळीच होती. हे असे परत गेले, तर पुन्हा येणार नाहीत.

म्हणून एका शनिवारी त्यांना तोर्रोनसुओला नेलं. फळ्यांच्या सुरुवातीला ते थांबले, हात मागे बांधले आणि पीकपाहणीला आल्यासारखी चारी बाजूंना नजर टाकली.

“सगळा पोटखराबा,” ते म्हणाले. “वर्ग अ.”

परदेशातच वाढलेल्या मुलांसाठी सांगते: सातबाऱ्यावर पिकाखालच्या जमिनीबरोबर लागवडीला अयोग्य जमीनही लिहिलेली असते. खडक, खाच-खळगे, ओढे-नाले. तो पोटखराबा. अण्णांनी उभी हयात हा शब्द कागदावर लिहिला.

आम्ही सावकाश निघालो. नात पुढे, अण्णा मध्ये, मी मागे. फळ्या किंचित दबत होत्या आणि खालून पाण्याचा बुडबुड आवाज येत होता. दोन्ही बाजूंना कापूस-गवताचे पांढरे झुपके वाऱ्यावर हलत होते. मग छोटी तळी लागली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण स्वच्छ. लांबून क्रौंच पक्ष्यांची हाक आली, तुतारीसारखी. इथल्या दलदलीत ते घरटी करतात.

एका तळ्याच्या कडेला नात पालथी पडून काहीतरी बघत होती. “आजोबा, हे किडे खातं!” अण्णा गुडघा सांभाळत फळीवरच बसले. शेवाळातून वर आलेली नखाएवढी लाल पानं, त्यावर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर चिलट अडकलेलं.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. “अगं, हा तर दवबिंदू,” ते म्हणाले. “कासला सड्यावर असतो. पावसाळ्यात.”

खरंच होतं ते. जात वेगळी, कूळ एकच: ड्रोसेरा. कासच्या पठारावर जांभा दगडावर मातीचा पातळ पापुद्रा, पावसाचं पाणी साचलेलं, पोषण जवळजवळ नाही. तोर्रोनसुओला उंचावलेल्या पीटवर फक्त पावसाचं पाणी, जमिनीतलं काही मिळत नाही. दोन्हीकडे उपाशी जमीन, म्हणून दोन्हीकडे झाडाने किडा धरायची युक्ती काढली. कासला निळी चादर पसरणारी ‘सीतेची आसवं’ हीसुद्धा किडे धरणारी वनस्पती, आणि तिचे नातलग इथल्या तळ्यांमध्ये आहेत. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही आहे. “कागदावर तोही पोटखराबाच की,” अण्णा म्हणाले.

त्यानंतर त्यांचे प्रश्न सुरू झाले. ही जमीन कोणाची? शेतसारा होता का? कोणी कसली नाही का? मला माहीत होतं ते सांगितलं. फिनलंडचा जवळजवळ एक तृतीयांश भूभाग मुळात सुओ होता, सुमारे एक कोटी हेक्टर. त्यातल्या निम्म्याहून जास्त जमिनीत चर खणून पाणी काढून टाकलं, बहुतेक लाकडासाठी, आणि तेही मुख्यतः १९६० आणि ७० च्या दशकांत.

“म्हणजे पोटखराबा लागवडीखाली आणला. पिकला का?”

काही ठिकाणी चांगलं रान उभं राहिलं, काही ठिकाणी नुसतं पाणी गेलं आणि झाड काही वाढलं नाही. शिवाय पाणी उतरलं की पीटला हवा लागते, हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं आणि साठलेला कार्बन हवेत जातो. जगाच्या जमिनीतला जेमतेम तीन टक्के भाग पीटचा, पण त्यात सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. आता संरक्षित भागांत तेच चर पुन्हा बुजवताहेत, बांध घालून पाणी अडवताहेत.

अण्णा हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. “खणायलाही पैसे, बुजवायलाही पैसे. सरकार सगळीकडे सारखंच.” मग जरा थांबून म्हणाले, “पण आम्ही एक चूक केली. पिकत नाही म्हणजे कामाची नाही, असं धरून चाललो. शिक्काच तसा होता.”

त्या उन्हाळ्यात आम्ही आणखी पाच वेळा गेलो. तोर्रोनसुओजवळच्या लिएस्यार्वीला दोन्ही बाजूंना पाणी असलेल्या अरुंद कड्यावरून चाललो. एस्पोच्या कडेला असलेलं नुक्सिओ तर घरचंच. एस्पो स्टेशनवरून बस जाते. तिथली हाउक्कालाम्पीपासूनची सुमारे दोन किलोमीटरची ‘रॉबिनची फेरी’ लहान मुलांना आणि चालती-फिरती आजी-आजोबांना झेपते. खडक आणि मुळं आहेत, काठी असू द्यावी. ‘ससाण्याची फेरी’ साधारण चार किलोमीटरची. मुस्तालाम्पी तळ्यात पीटचे तुकडे तरंगतात आणि वाऱ्याबरोबर जागा बदलतात. काठावरचं शेवाळ हळूहळू तळ्यावर सरकतं, तळ्याची सुओ होते, कधी सुओवर झाडं चढतात. तळं, सुओ आणि रान ही इथे एकाच जागेची तीन वयं आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. मे-अखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. जून-जुलैत डास फार, लांब बाह्या हव्यात. सप्टेंबरात पानं रंगतात आणि सुओ वीटकरी होते, डासही गेलेले असतात. पावसात फळ्या साबणासारख्या निसरड्या होतात, रबरी बूट घाला. फळीवरून खाली उतरू नका. आपल्या एका पावलाची खूण शेवाळात वर्षानुवर्षं राहते. राष्ट्रीय उद्यानांतही बेरी आणि खाण्याजोगी अळंबी तोडायला परवानगी आहे, पण ओळख पक्की असेल तरच. नेमून दिलेल्या चुलाणाशी बहुधा सरपण मोफत ठेवलेलं असतं. वणव्याचा इशारा असेल तर उघडी आग पेटवायची नाही. फिनिश लोक तिथे सॉसेज भाजतात. आम्ही वांगं भाजून भरीत केलं, शेजारच्या कुटुंबाने दोनदा मागून घेतलं. कचऱ्याचे डबे नसतात, वांग्याची सालंसुद्धा पिशवीत घालून घरी आणायची.

अण्णा ऑगस्टअखेर परत गेले. सप्टेंबरात त्यांचा फोटो आला. भाच्याला घेऊन कासला गेले होते, कित्येक वर्षांनी. सड्यावरचा दवबिंदू, थोडा हललेला फोटो, आणि खाली लिहिलेलं: ‘पोटखराबा. पीक उत्तम.’

पुढच्या जूनचं तिकीट या वेळी त्यांनीच काढायला सांगितलं आहे. आपापले आई-बाबा येणार असतील तर कळवा, दोन-तीन गाड्या मिळून जाऊ. चढ नाही, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.