आत्याचा भूकंप

कोयनेचा भूकंप धरणामुळेच झाला, असं आमच्या आत्याचं ठाम मत होतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास ती श्रीवर्धनला होती, सासरी. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. मांडणीवरचे पितळी डबे खडखडले, कौलं सरकली आणि सगळं घर अंधारात वाडीत, पोफळींखाली जाऊन उभं राहिलं. कोयनानगर तिथून शंभरेक किलोमीटर. तिथे दोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो बेघर झाली.

"डोंगरात एवढं पाणी तुंबवलं तर धरणी कशी सोसेल?" आत्या म्हणायची आणि घरातली शिकलेली मंडळी हसायची. दख्खनचा कातळ म्हणजे भूकंपापासून सुरक्षित, असा तेव्हा समजच होता ना!

पण गंमत बघा. १९६० नंतर शिवसागर भरू लागला आणि त्या भागात बारीक हादरे जाणवू लागले. मग ६.३ रिश्टरचा तो मोठा धक्का. हर्ष गुप्ता आणि इतर शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं या हादऱ्यांचा जलाशयाच्या पातळीशी मेळ घालून पाहिला. पावसाळ्यात पाणी चढतं, त्यानंतर हादरे वाढतात. आज धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगातलं ठळक उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात.

पाण्याचा भार असतोच, शिवाय ते भेगांतून खाली झिरपतं. खडकांतल्या पाण्याचा दाब वाढला की एकमेकांना घट्ट धरून बसलेले थर सैल होतात आणि सरकतात. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका लष्करी रासायनिक कारखान्याचं सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडत होते. तिथेही जमीन हलू लागली. १९६६ मध्ये सांडपाणी सोडणं थांबवलं, तरी तिथले सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. आत गेलेलं पाणी कुठे परत बोलावता येतं?

म्हणजे आत्याचं बरोबर होतं का? बरंचसं. खडकातला ताण मात्र आधीचाच, पृथ्वीचा स्वतःचा. पाण्याने फक्त त्याला वाट करून दिली. भरल्या डोळ्यांच्या माणसाला कुणी "काय झालं?" एवढंच विचारावं, तसं.

मला टोचतं ते वेगळंच. कोयनेच्या विजेवर मुंबई वाढली, महाराष्ट्रातले कारखाने चालले, तुमच्या-माझ्या घरांत दिवे लागले. धरण नको होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण वीज दूरवर जाते आणि हादरे तिथेच राहतात, पाटण तालुक्यातल्या घरांच्या भिंतींत. अजूनही अधूनमधून तिथे जमीन हलते. पेपरात दोन ओळी येतात, "जीवितहानी नाही". आपण पान उलटतो.

निदान तिथली प्रत्येक शाळा, प्रत्येक घर भूकंप सोसेल असं बांधून देणं हे त्या विजेच्या किमतीतच धरायला हवं. उपकार म्हणून नव्हे, देणं म्हणून.

असो. तुमच्या घरी १९६७ ची ती पहाट आठवणारं कुणी असेल, तर त्यांना एकदा नक्की विचारा. आणि हसू नका.