हातावरचा साबुदाणा

रात्रीचे अडीच. पंखा फुल स्पीडवर, रूममेट घोरतोय आणि मी बाथरूममध्ये नळाखाली दोन्ही हात धरून उभा. गार पाणी पडतंय तोवर बरं वाटतं. नळ बंद केला की अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू... खाज! डास चावल्यावर येते तसली नाही हो. ती कातडीच्या वर असते. ही आतून येते, जणू हाडातून. खाजवलं तर आग, नाही खाजवलं तर वेड लागायची पाळी.

ही गोष्ट मे २०२३ ची. पुण्याचा उन्हाळा, त्यात प्रोजेक्टचं रिलीज. एके दिवशी कीबोर्डवर टाइप करता करता लक्षात आलं की बोटांच्या कडेला काहीतरी बारीक बारीक टोचतंय. दिव्याखाली हात धरून बघितलं तर कातडीच्या आत पाणी भरलेले इवले इवले दाणे. अगदी भिजवलेला साबुदाणा! वाटलं, उष्णतेने आलं असेल, जाईल. आठवड्यात तो साबुदाणा तळहातापर्यंत पोचला. मग दाणे सुकले, कातडी सोलवटली, भेगा पडल्या आणि भेगा भरायच्या आत नवा साबुदाणा हजर.

आता हात ही काही लपवायची वस्तू नाही. पाठीवर काही झालं तर शर्ट आहे. हाताचं काय करणार? मेसमध्ये तिखट रस्सा भेगांत गेला की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून चमच्याने जेवायला लागलो. "काय, साहेब झालास का रे?" मित्रांचा प्रश्न. एकाने तर सरळ विचारलं, "खरूज नाही ना?" आणि माझा टॉवेल दुसऱ्या खुंटीवर टांगला. परदेशातून क्लायंट आला तेव्हा सगळे हस्तांदोलन करत होते, मी दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. तो बिचारा खूश! त्याला वाटलं भारतीय संस्कृती :)

हसू नका, पुढे ऐका. ऑफिसच्या दाराला बोटाचा ठसा घेणारं मशीन होतं. सोलवटलेल्या बोटाला ते ओळखेना. सिक्युरिटीवाले काका रोज म्हणायचे, "साहेब, हात पुसून लावा." पुसला, फुंकला, दहाही बोटं लावून पाहिली. महिनाअखेरीस मेल आली की तुमची तीन दिवस हजेरी नाही. मी रोज बारा तास तिथे बसलेलो, आणि माझ्याच बोटांनी साक्ष द्यायला नकार दिला!

मग जे सगळे करतात तेच मी केलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हात दाखवला. त्याने ट्यूब दिली. तीन दिवसांत हात चकाचक! मी त्या मेडिकलवाल्याला मनोमन डॉक्टरेट देऊन टाकली. ट्यूब बंद केली आणि आठवड्यात दुप्पट साबुदाणा. पुन्हा ट्यूब, पुन्हा चकाचक, पुन्हा दुप्पट. असे दोन महिने गेले. नंतर कळलं की त्या ट्यूबमध्ये जोरदार स्टिरॉइड होतं, आणि जोडीला बुरशीचं न् जंतूंचं औषध, तेही मला गरज नसताना. असली बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ मध्येच केला आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही, आणि मीही 'चिठ्ठी लागते का' असं विचारलं नाही. असो.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावून हात पाहिले, मग म्हणाल्या, "मोजे काढा." मी चक्रावलो. दुखणं हाताला आणि बघणार पाय? तर पायाच्या बोटांत बुरशी असली तर तिच्या प्रतिक्रियेने हातालाही असे फोड येऊ शकतात म्हणे. माझे पाय स्वच्छ निघाले. मग प्रश्नांची फैर. भांडी कोण घासतं? हात किती वेळा धुता? हाताला घाम येतो? झोप किती? घरात कोणाला दमा, ॲलर्जी, इसब?

"नाही," मी ठामपणे सांगितलं. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निदान झालं, डिसहायड्रॉटिक एक्झिमा. दुसरं नाव पॉम्फोलिक्स, ग्रीकमध्ये म्हणजे बुडबुडा. आणि गंमत म्हणजे त्या फोडांना वैद्यकाच्या पुस्तकातही साबुदाण्याचीच उपमा देतात! पहिली गोष्ट बाईंनी सांगितली ती ही, की हे संसर्गजन्य नाही. कोणाशी हात मिळवला, कोणाचा टॉवेल वापरला तर कोणाला होत नाही. (हे वाक्य मी रूमवर येऊन मोठ्याने म्हणून दाखवलं. टॉवेल मूळ खुंटीवर परत आला.)

घरी येऊन अर्थातच वाचत बसलो. १८७३ मध्ये टिलबरी फॉक्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरने याला 'डिसिड्रोसिस' म्हटलं, कारण त्याला वाटलं की घाम ग्रंथींत अडकून हे फोड येतात. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की फोड घामाच्या नळ्यांत नसतातच, ते कातडीच्या वरच्या थरातच सुजेमुळे तयार होतात. पण नाव तेच राहिलं! आमच्या धंद्यातल्या लोकांना हे नवीन नाही. कोणीतरी पहिल्या दिवशी फंक्शनला चुकीचं नाव देतो आणि पुढची वीस वर्षं ते बदलायची कोणाची हिंमत होत नाही.

आता मी पडलो इंजिनिअर. दुखणं आहे म्हणजे कारण आहे, कारण सापडलं की काम फत्ते. रीतसर एक्सेल शीट केली. तारीख, तापमान, झोपेचे तास, काय खाल्लं, साबण कोणता, भांडी घासली का, रिलीज आहे का, आणि शेवटी खाज, शून्य ते दहा. चार महिने इमानेइतबारे भरली. वर पॅच टेस्टही केली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांत निकेल, क्रोमेट, सुगंधी द्रव्यं, रबरातली रसायनं, अगदी आपलं गाजरगवतसुद्धा, असं सगळं चिकटवतात. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. मग पट्ट्या काढून बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. मी रोज प्रार्थना करत होतो की काहीतरी उगवू दे. निकेल तर निकेल! घड्याळ फेकून देईन, जीन्सचं बटण बदलीन.

काहीही उगवलं नाही. पाठ कोरी.

शीटनेही एक नाव सांगितलं नाही. ऑक्टोबरच्या घामात जास्त. रिलीजच्या आठवड्यात जास्त. मावशींची सुट्टी असून मी भांडी घासली की दोन दिवसांनी जास्त. पण कधी यातलं काहीच नसतानाही जास्त. शीट घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी सगळी पाहिली, हसल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "कारण एकच असायला हवं असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मग त्यांनी समजावलं. कातडी म्हणजे विटांची भिंत, आणि विटांमधला चुना म्हणजे कातडीतली स्निग्धता. साबण, डिटर्जंट, गरम पाणी, सॅनिटायझर हे सगळे तो चुना धुऊन नेतात. काहींच्या भिंतीत जन्मतःच चुना कमी असतो. घाम आणि ताण वरून धक्के देतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, वरून कातडी बरी दिसली तरी भिंत आतून पक्की व्हायला पुढे कित्येक आठवडे लागतात. मी नेमका तेव्हाच सगळं सोडून द्यायचो! "हे कायमचं जाईल असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण सांभाळता येतं."

सांभाळायचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. (हे माझं आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.) हात कोमट पाण्याने, बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवायचे आणि लगेच मलम. रात्री झोपताना पेट्रोलियम जेली थापून वर सुती हातमोजे. फोड वाहत असतील तेव्हा पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं हात बुडवायचे, खडे पूर्ण विरघळल्यावरच. नखं तपकिरी होतात, चालायचंच. स्टिरॉइड मलम बाईंनी सांगितलं तितकेच दिवस आणि तितकंच. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून येणारी रेघ दोन्ही तळहातांना पुरते. आणि भांडी घासताना आत सुती, बाहेर रबरी हातमोजे. खाज आली की खाजवायचं नाही, गार ओला फडका धरायचा. जमतं का? दहातून सात वेळा.

तर असं करता करता दिवाळी आली आणि मी कराडला घरी गेलो. आईने दारातच हात हातात घेतले. मला वाटलं आता कैलास जीवन, कडुनिंबाचा पाला, आमसुलाचं तेल, सगळी फौज निघणार. तर ती शांतपणे म्हणाली, "अरे, हे तर मलाही होतं."

"कधीपासून?"

"तुझ्या वेळेपासून. तुझे लंगोट धुवायचे ना, तेव्हापासून. थंडीत जास्त होतं."

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"त्यात काय दाखवायचं? पाणी लागलंय. बायकांचे हात असेच असतात."

मी तिचे हात उलटे करून बघितले. बोटांच्या टोकांना काळ्या भेगा, तळहात जाड कागदासारखे, कडेला तोच साबुदाणा. २८ वर्षं या हातांनी मला जेवायला वाढलं आणि मला ते दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनसाठी नवीन सिम घ्यायला गेलो. अंगठा मशीनवर ठेवला, लाल दिवा. दुकानदार म्हणाला, "काकू, पदराला पुसा जरा." तिने पुसला. पुन्हा लाल. ती कसनुसं हसून मला म्हणाली, "माझं हे असंच होतं."

माझं मशीनने ओळखलं नाही तेव्हा मी मेलवर मेल केल्या होत्या. माझ्याकडे इन्शुरन्स कार्ड होतं, भिंगवाल्या डॉक्टरबाई होत्या, चार महिन्यांची शीट होती. तिच्याकडे 'पाणी लागलंय' हे दोन शब्द होते. दुखणं एकच. माझ्या हाताला झालं तेव्हा तो आजार होता, तिच्या हाताला झालं तेव्हा ते काम होतं. आणि घरात कोणाला इसब आहे का म्हटल्यावर मी 'नाही' म्हणून आलो होतो, तेही ठामपणे!

डिसेंबरमध्ये तिला पुण्याला आणून बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, कातडीचा स्वभाव मायलेकांचा एकच, पण यांचं मुख्य दुखणं धुण्याभांड्याचं. पाण्यातलं काम कमी करायला हवं. आई हसली, "मग भांडी कोण घासणार?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी भिंतीवरचा त्वचेचा तक्ता फार मन लावून वाचायला घेतला.

हातमोजे मी घेऊन दिले होते. पुढच्या खेपेला गेलो तर कपाटात, पिशवीसकट. "चांगले आहेत रे, खराब होतील." यावर काय बोलणार? मग मीच दोन दिवस रात्रीची भांडी घासली, हातमोजे घालून. तिसऱ्या दिवशी बाबा उठले, स्वतःचं ताट धुतलं आणि काही न बोलता बाजूला उभे राहून मी विसळलेली भांडी पुसायला लागले. आता रात्रीची भांडी ते घासतात. कुकरच्या झाकणाची रिंग दोनदा हरवली, पण ते असू दे. आईच्या भेगा यंदाच्या थंडीत निम्म्यावर होत्या.

आमच्या फ्लॅटवर येणाऱ्या मावशींनाही मी हातमोजे दिले. त्यांनी घेतले, आणि म्हणाल्या, "दादा, हे घालून चार घरं उरकत नाहीत." याला माझ्या शीटमध्ये कॉलम नाही. निदान आमच्या घरची भांडी आता आम्ही तिघं रात्रीच विसळून ठेवतो आणि साबण सौम्य आणतो. पुरेसं नाही, माहितीय.

माझं म्हणाल तर साबुदाणा अजून येतो. परवाच्या रिलीजला आला होता, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, पाच-सहा दाणे. पूर्वी बघूनच पोटात गोळा यायचा. आता म्हणतो, आलास का? बस. शीट भरायची मात्र बंद केली.

चला, बारा वाजत आले. मलम लावायचंय, हातमोजे चढवायचेत. त्यानंतर टाइप करता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

आणि हो, पुढच्या वेळी घरी गेलात की आईचे हात एकदा उलटे करून बघा.