धड्याखालचा प्रश्न

आमच्या घरात तीन पिढ्यांचं शिक्षण तीन भाषांत झालं. आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचं राज्य गेलं, म्हणून वडिलांच्या वाट्याला मराठी शाळा आली. मी दहावीपर्यंत मराठीत शिकलो आणि पुढे इंजिनिअरिंग इंग्रजीत केलं. यातला एकही निर्णय आमच्या घरात झाला नाही. आधी दरबारानं, मग सरकारनं आणि शेवटी नोकरीच्या बाजारानं तो घेतला.

त्यामुळे कुणी 'शिक्षणातली गुलामी घालवू या' म्हटलं की औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पोराला आधी हेच विचारावंसं वाटतं की कुणाची गुलामी? आणि इंग्रजी काढून मराठी बसवली की ती गेली का?

साहित्याचा तास हा राज्यकारभाराचा भाग होता, हे इंग्रजांना आपल्यापेक्षा आधी कळलं होतं. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या पुस्तकात दाखवलंय की इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडमध्ये नीट रुजण्याआधीच भारतातल्या वर्गांत शिकवला जात होता. बंदुकीनं जमीन ताब्यात येते, पण कुणासारखं व्हावं हे कवितेच्या तासाला ठरतं. १९६८ मध्ये नैरोबीत न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करून आफ्रिकी साहित्य मध्यभागी ठेवायची मागणी केली, ती याच कारणानं.

आपल्याकडे मात्र गाठ आणखी घट्ट आहे. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ते नाकारलं. सभा मराठीचीच होती. पण त्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांचं जगणं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. भाषा आपली असली तरी पुस्तक आपलं असतंच असं नाही. त्याच्या ३० वर्षं आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. शाळेनं तिला आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहू दिलं.

याच वाटेवरचं एक कॉलेज आमच्या शहरात आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये ते सुरू केलं. पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं आणि परिसराचं नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं! म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून इथे प्राचार्य म्हणून आले, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांची ओळख घेऊन आले. इथेच मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' उभं केलं. ज्यांच्या घरात कुणी कधी वही धरली नव्हती, ती मुलं तिथे लिहिती झाली. मला तरी साहित्य शिकवण्यातलं खरं राजकारण हेच वाटतं. वाचणाऱ्याला 'हे माझं जगणं नाही, माझं मी सांगतो' असं म्हणता यायला हवं.

सॉफ्टवेअरमध्ये 'डिफॉल्ट' नावाची गोष्ट असते. तुम्ही काही निवडलं नाही तर जे आपोआप लागू होतं ते. कुणीतरी ते ठरवलेलं असतं, पण वापरणाऱ्याला ते निसर्गनियमासारखं वाटतं. पाठ्यपुस्तक 'डिफॉल्ट' माणूस ठरवतं: त्याचं घर कसं, बोली कुठली, सुट्टीत तो मामाच्या गावाला जातो की आईबापाबरोबर ऊसतोडीला.

आता पुस्तकांत दलित, ग्रामीण, आदिवासी लेखक आहेत, हे खरंच मोठं काम झालं. पण कवितेखालचा प्रश्न बहुतेक वेळा जुनाच असतो, 'कवीला काय म्हणायचे आहे?' उत्तर गाईडमध्ये तयार. बंडाची कविताही पाच मार्कांत पाठ होते आणि बंड तिथेच संपतं.

याची किंमत मला कामावर दिसते. आमच्याकडे मुलाखतीला गेवराई, अंबड, कन्नडकडची मुलं येतात. कोड उत्तम लिहितात. पण कित्येकांचं पहिलं वाक्य असतं, "सर, माझं इंग्रजी कच्चं आहे." आणि मराठीत बोला म्हटलं की दुसरं येतं, "सर, माझी मराठीपण शुद्ध नाही." म्हणजे बारा वर्षं भाषा शिकून आपली जीभ दोन्हीकडून चुकीची आहे एवढंच हाती लागलं! ही मुलं मीटिंगमध्ये समोरचा चुकतोय हे दिसत असूनही गप्प बसतात.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण त्या मुलाची जीभ मोकळी होईल ती वर्गातच. त्यासाठी नव्या धोरणाची वाट बघायची गरज नाही. कुठल्याही शिक्षकाला उद्याच्या तासाला, आहे त्याच धड्याखाली एक प्रश्न वाढवता येईल: या धड्यात तुमच्या घरातलं कोण नाही? त्याच्याबद्दल दहा ओळी लिहा, घरी बोलता तशाच.