सिरोंच्याच्या वाटेवर

चंद्रपूरहून सिरोंच्याला एसटीनं निघालं की दिवस त्यातच मोडतो. बल्लारपूरला कागद कारखान्याचा आंबूस वास खिडकीतून आत येतो. इथल्याच सागवानाच्या डेपोतून 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेलं. इथून पुढचा रेल्वेचा बल्लारशा–काझीपेठ दुवा 1929 साली जुळला आणि दिल्ली–मद्रास गाडी थेट धावू लागली. पण रूळ प्राणहिता नदीच्या पश्चिमेनं खाली उतरले आणि पूर्वेचं अरण्य बाजूला राहिलं ते राहिलंच. साऱ्या गडचिरोली जिल्ह्याला आजवर एकच चालतं स्टेशन मिळालंय, वडसा.

आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि समोरून सुरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक येऊ लागले. एकामागून एक, ताडपत्री बांधलेले. कडेच्या पळसांची पानं तांबड्या धुळीनं माखलेली. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची पंचाहत्तरहून जास्त वाहनं पेटवली होती. खाणीच्याच तालुक्यातल्या गट्टा–गर्देवाडा भागात पहिली एसटी धावली ती 1 जानेवारी 2025 रोजी. खनिजाच्या मागोमाग का होईना, रस्ता आला याचा आनंद मानायचा की राग, हे तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन ज्यानं नाला तुडवलाय त्यानं ठरवावं. शहरातून आलेल्या माझ्यासारख्यानं नव्हे.

आलापल्लीला शेजारी एक मावशी येऊन बसल्या. पायाशी गाठोडं, त्यावर पालथं घातलेलं जर्मनचं पातेलं.

“कुठं निघालात, मावशी?”

“मिरची तोडाले, तेलंगणात. रोजी नगदी भेटते जी. थोडी मिरचीच मागून घेतो, सालभराचं तिखट होते.”

बोटांना त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या आत्ताच गुंडाळून ठेवल्या होत्या. चिंधीतून डोकावणारी नखाजवळची कातडी मागच्या हंगामात सोललेली, पांढुरकी. आलापल्लीपुढचा रस्ता जागोजागी उखडलेला. गाडी खड्ड्यात गेली की पातेलं वाजायचं आणि मावशी ते एका हातानं दाबून धरायच्या. पलीकडं गेल्यावर मात्र गाडी “लोण्यावानी” जाते, असं त्यांनीच सांगितलं.

सिरोंच्यात उतरलो तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या बरोबरीनं तेलुगू होतं. चहावाल्यानं आधी तेलुगूत विचारलं, मग माझं तोंड बघून मराठीत. सातबाऱ्याच्या भानगडीसाठी दोनेकशे किलोमीटरवरचं गडचिरोली गाठायचं. दुखणं वाढलं तर मात्र मंचेरियाल नाहीतर वरंगल. पूर्वी नदी डोंग्यानं ओलांडायची, पावसाळ्यात तर देवाचं नाव घेऊन. 2016 साली गोदावरीवर कालेश्वरचा पूल खुला झाला आणि सिरोंच्याची पावलं दक्षिणेकडं वळली. मुंबईनं इथं जिल्हा काढला 1982 साली. हैदराबादला काहीच काढावं लागलं नाही.

गंमत म्हणजे हे गाव कधीकाळी मुख्य वाटेवर यायचं होतं. 1860 च्या तहात निजामानं गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीवरच्या मालाला जकात माफ केली. त्याच तहानं नळदुर्ग–धाराशिवकडचा मुलूख निजामाला परत मिळाला. धाराशिवकरांनी कधी या रानातल्या नदीचा विचार केला नसेल, पण त्यांचं पुढच्या शतकाचं राज्य ज्या सौद्यात ठरलं त्यात ही नदी होती. सिरोंचा मग अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं. इंग्रज इंजिनिअर सर आर्थर कॉटन यांचं स्वप्न असं, की वर्धा खोऱ्यातला कापूस होड्यांनी प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागराला न्यायचा. वाटेत खडकांचे तीन अडथळे, त्यांतला तिसरा वर देवलमरीपाशी. बगलेनं कालवे आणि झडपा बांधायचं काम कॅप्टन हेग पाहत होते. अमेरिकेतल्या यादवीनं मँचेस्टरचा कापूस तुटला होता, त्यामुळं घाई होती. पण 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस पश्चिमेला निघाला. 1871 साली नदीचं काम सोडून दिलं. विदर्भाचं तोंड काकीनाड्याकडं न होता मुंबईकडं झालं, त्यात भाषेइतकाच त्या रुळांचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी पुलावरून पलीकडं गेलो. खालच्या अंगाला मेडिगड्डा. जून 2019 मध्ये या बंधाऱ्याचं उद्घाटन झालं तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही हजर होते. पाणी तेलंगणाच्या शेतांसाठी. फुगवट्यानं बुडालेल्या शेतांत सिरोंच्याचीही होती. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. पूल जवळीक आणतो हे खरं, पण ज्याच्या हाती यंत्रं आणि पैसा, जवळीक त्याच्या सोयीनं होते.

परतताना नाक्यावर निजामाबाद–जगदलपूर महामार्गाची पाटी दिसली. एका अंगाला प्राणहितेवर पूल, दुसऱ्या अंगाला पातागुडमला इंद्रावतीवर पूल. मध्ये महाराष्ट्राचा चिमूटभर तुकडा. महामार्गाची दोन्ही टोकं परराज्यात. गडचिरोलीची एसटी लागायला वेळ होता, तोवर याच रस्त्यानं छत्तीसगडच्या नंबराचे ट्रक न थांबता निघून गेले.