हिरव्या डोंगरावर तीन गाड्या

मस्कतमध्ये आम्हाला अकरा वर्षे झाली होती, पण डोंगर चढणारी गाडी घ्यायचा विषय घरात कधी निघाला नव्हता. तो निघाला 2019 साली, अम्मी खेडहून तीन महिन्यांसाठी आल्या तेव्हा. जबल अल-अख्दरच्या, म्हणजे हिरव्या डोंगराच्या गुलाबांविषयी त्यांनी कुणाकडून तरी ऐकले होते आणि ते पाहायचेच असे ठरवूनच त्या विमानात बसल्या होत्या. अडचण एवढीच की डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. गाडी फोर बाय फोर नसेल तर तिथूनच परत. आमच्याकडे होती साधी सेडान.

शेवटी एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, शाबानच्या पहिल्या दिवसांत, तीन घरांच्या तीन गाड्या फज्रनंतर निघाल्या. भाईजानची टोयोटा प्राडो, चिपळूणकडच्या शेजाऱ्यांची मित्सुबिशी पजेरो आणि आम्ही दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलेली टोयोटा फॉर्च्युनर. गुलाब तर पाहायचे होतेच, पण या तिघींपैकी कोणती घ्यावी हेही पाहायचे होते. हप्ते नकोत, जुनी घेऊ पण रोखीने, हे पक्के होते. त्याच पैशांतून गावच्या घराची कौलेही बदलायची होती, त्यामुळे हौसेला फारशी जागा नव्हती.

निजवाच्या बाजूला जाणारा हमरस्ता सरळ आणि रुंद. त्या दीडशे किलोमीटरांत काहीच कळले नाही. चांगल्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. कळले ते अम्मींना चढवताना. तिन्ही गाड्या उंच. अम्मींचे गुडघे दुखरे. घरातले लाकडी स्टूल बरोबर घेतले होते, ते प्रत्येक थांब्यावर दारापाशी ठेवायचे आणि आत बसल्या की उचलायचे. कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत घोड्यांची ताकद छापतात, पायरीची उंची कुणी छापत नाही.

पायथ्याचे गाव बिरकत अल-मौज, म्हणजे केळ्यांचे तळे. खजुरीच्या आणि केळीच्या बागांतून पाण्याचा पाट वाहतो. हा फलज अल-खतमैन, 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेला. अम्मींनी त्यात हात बुडवला आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या पोफळीच्या बागेतले पाट. यासाठी इतक्या लांब आणलंत होय?"

चौकीवर पोलिसाने कागद पाहिले, गाडी पाहिली आणि सोडले. फोर बाय फोरच लागते ना, मग लावूया, असे म्हणून आम्ही बटण फिरवून चारही चाके जोडली. पहिल्याच तीव्र वळणावर गाडी अडल्यासारखी झाली, टायर कुरकुरू लागले. मागून भाईजानने हॉर्न वाजवून थांबवले.

चूक आमचीच होती. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फॉर्च्युनरमध्ये चारही चाके जोडली की पुढचा आणि मागचा दांडा एकत्र बांधले जातात, तो फरक कुठे जिरतच नाही. वाळूत, खडीत चाक थोडे घसरून जुळवून घेते. कोरड्या डांबरावर घसरणार कसे? त्यामुळे या डांबरी घाटात फॉर्च्युनर मागच्या दोन चाकांवरच चालवायची. प्राडोची चारही चाके कायम ओढतात, कारण मध्ये हा फरक झेलणारा डिफरन्शियल असतो. पजेरोत दोन्हींची सोय. हवे तर दोन चाके, हवे तर डांबरावरही चार, आणि खराब वाट आली की मधला डिफरन्शियल लॉक. चढताना आम्हाला पहिला हेवा पजेरोचा वाटला.

वर सैकचे पठार सुमारे 2000 मीटरवर. खालच्या मस्कतमध्ये एसी लागला होता, इथे अम्मींनी शाल मागितली. जुमा तिथेच अदा केला. मग कड्याच्या अंगावरची गावे, दगडी बांध घातलेल्या चिंचोळ्या वाफ्यांत गुलाबाची झुडपे. फुले भल्या पहाटे खुडतात, म्हणून आम्हाला झुडपांवर थोडीच मिळाली. पण एका घरात गुलाबपाणी निघत होते. मातीच्या भट्टीवर पाकळ्यांचे भांडे, वर थंड पाण्याचे झाकण. वाफ झाकणाला लागून थेंब आतल्या वाटीत पडतात. त्या पाण्याला धुराचा किंचित वास असतो. अम्मी तिथे तासभर बसल्या. त्या घरची म्हातारी अरबीत बोलत होती, अम्मी मराठीत, आणि दोघींचे काही अडत नव्हते.

शनिवारी उतरताना दुसरी चूक. गाडी डीमध्ये ठेवून ब्रेकवर पाय दाबत आम्ही खाली येत होतो. निम्म्या वाटेत जळका वास. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. अम्मी म्हणाल्या, "कशेडीत आपले एसटीवाले काय करतात? ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं." अम्मींनी आयुष्यात स्टिअरिंग हातात धरलेले नाही. पुढचा घाट हाताने दुसरा गिअर लावून, इंजिनच्या ओढीवर उतरलो, ब्रेकला मधूनमधून नुसता स्पर्श.

परतीला अल-हमरावरून शरफत अल-अलमैनच्या माथ्यावर गेलो. तिथून डांबर संपते आणि वादी बनी औफची वाट दरीत उतरते. निघण्यापूर्वी पावसाची चौकशी केली. वाहती वादी ओलांडणे ओमानमध्ये गुन्हा आहे, आणि कोकणातल्या माणसाला ओढ्याच्या पाण्याचे वेगळे सांगायला नको.

या वाटेवर गाड्यांचे स्वभाव दिसले. फॉर्च्युनरचा सांगाडा मूळचा हायलक्स पिकअपच्या जातीचा. लो गिअरमध्ये ती बिनतक्रार उतरली, पण मागच्या सीटवरच्यांची हाडे खिळखिळी झाली. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना ती इतकी का आवडते कोण जाणे, ते बहुधा पुढेच बसत असावेत. पजेरोची चारही चाके स्वतंत्र खालीवर होतात, म्हणून खडबडीत रस्त्यावर तीच सर्वांत मऊ. मात्र एका खोल चरात तिचे मागचे चाक हवेत उचलले गेले, तिथूनच अखंड मागच्या आसाची प्राडो चाके जमिनीला धरून शांतपणे गेली. खऱ्या अवघड जागी प्राडोच सरस, यात आम्हाला शंका नाही.

हातच्या खाली अम्मी पजेरोत बसल्या. बिलाद सैतची हिरवी शेते दिसली तेव्हा त्यांना हाक मारली, तर त्या झोपल्या होत्या. फॉर्च्युनरची वर उघडणारी पाठ जेवताना सावलीला कामी आली, एवढे तिच्या बाजूने सांगायलाच हवे. पजेरोचे दार स्टेपनीसकट बाजूला उघडते, त्याची सावली कुठली?

घरी येऊन हिशोब मांडला. प्राडो जुनी झाली तरी तिची किंमत उतरत नाही. विकताना ती चांगली, घेताना नाही. तेवढ्याच वयाच्या पजेरोशी फरक इतका निघाला की त्यात कौले बसत होती. तो चर आम्ही वर्षातून किती वेळा ओलांडणार? पेट्रोल पजेरोही भरपूर पिते, आणि 2016 पासून ओमानमध्ये पेट्रोल पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही. ते रोज थोडे थोडे जाते, कौलांचे पैसे एकदम लागतात.

ईदनंतर आम्ही जुनी पजेरो घेतली. भाईजान महिनाभर आमच्या गाडीत बसला नाही. अम्मी परत गेल्या, पावसाळ्याआधी नवी कौलेही चढली. फोनवर त्या घराची गळती थांबल्याचे सांगतात, गुलाबपाण्याची बाटली अजून अर्धी आहे म्हणतात, आणि मग विचारतात, "माझं स्टूल गाडीतच ठेवलंय ना?"